जमीन करणे

मराठीत घरातल्या तळालाही जमीनच म्हणतात. शेताची ती जमीन आणि स्वयंपाकघरातली पुसायची तीही जमीन. काठपदर सोडून उरणारा मूळ रंग म्हणजे लुगड्याची जमीन. गझलेत वृत्त, काफिया आणि रदीफ यांनी मिळून जी चौकट ठरते तिलाही जमीनच म्हणतात. वर्गात गझल शिकवताना मी दरवर्षी सांगत आले आहे की शेर दिसतो, जमीन दिसत नाही. पण जमीन डळमळली तर शेर उभा राहत नाही. हे वाक्य मी किती सहजपणे उच्चारीत होते, हे गेल्या वर्षी माघ-फाल्गुनात माझ्या लक्षात आले. त्या दीड महिन्यात मी खरोखरच एक जमीन दुरुस्त करवून घेत होते.

नाहूरला आमचे बैठे घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी. वडिलांनी ते १९७४ साली बांधले. नाहूर त्या वेळी मुंबईत होते, पण रेल्वेच्या लेखी नव्हते. इथले स्थानक सुरू झाले ते २००६ साली. तोवर भांडुप किंवा मुलुंड गाठायला पायपीट ठरलेली. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने, इकडे व्हिलेज रोडवर सिएटचा टायरांचा कारखाना, आणि रुळांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला मिठागरे. वडील एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून घरी आले की गवंड्याच्या हाताखाली उभे राहत. त्यांना आयुष्यात दोन गोष्टी स्वतःच्या हाताने केल्याचा अभिमान होता : एक माझे नाव शाळेत घालणे आणि दुसरी ही जमीन.

ती जमीन म्हणजे लाल कोबा. ज्यांचे बालपण जुन्या घरांत गेले आहे त्यांना तो सांगायला नको. खाली दगडगोटे आणि मुरूम ठोकून घ्यायचा, वर खडी-रेती-सिमेंटचा थर, आणि तो ओला असतानाच त्यावर लाल ऑक्साइड मिसळलेल्या सिमेंटचा पातळ हात देऊन पोलादी थापीने घोटत बसायचे. अभियंते या प्रकाराला ‘इंडियन पेटंट स्टोन’ म्हणतात. नावात दगड आहे, वस्तूत नाही. तसे पाहिले तर १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये ज्या सिमेंटचे पेटंट घेतले, त्यालाही त्याने पोर्टलंडच्या दगडाचे नाव दिले होते. दगड म्हणवून घेण्याची हौस या पदार्थाला जन्मापासूनच असावी.

आपला ‘कोबा’ हा शब्द मात्र अधिक प्रामाणिक आहे. फारसीत ठोकणे, कुटणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यातून तो आला. कुटलेल्या मांसाचा कोफ्ताही त्याच घराण्यातला. म्हणजे कोबा हे वस्तूचे नाव असले तरी मुळात ते कृतीचे नाव आहे. कोकणात माझ्या आजोळी मातीच्या बाबतीत हेच होते. पावसाळा सरला की अंगण आणि पडवी खणून, पाणी शिंपून, लाकडी चोपण्याने चोपून काढीत आणि मग शेणाने सारवीत. या सगळ्याला मिळून ‘जमीन करणे’ म्हणत. जमीन असते असे आपण समजतो. माझ्या आजीच्या भाषेत ती करावी लागे, आणि दरवर्षी नव्याने करावी लागे. सिमेंट आले आणि हे क्रियापद गेले. एकदा केली की झाली, अशी समजूत त्या राखाडी पिठाबरोबर घराघरांत शिरली.

ती समजूत खरी नव्हती, हे आमच्या जमिनीने पन्नास वर्षे घेऊन सांगितले. १९७४ साली सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते अंशतः उठले १९८२ साली. त्यामुळे वडिलांनी गोणी गोणी जमवून काम केले होते. काटकसर करायची ती अर्थातच न दिसणाऱ्या जागी झाली. ओल अडवणारा थर खाली नव्हता. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या बसवतात, म्हणजे आकसताना सिमेंट हवे तसे फुटत नाही. त्या पट्ट्याही नव्हत्या. पाणी मात्र आईने इमानाने मारले होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, हे तिला कुणी रसायनशास्त्राच्या भाषेत सांगितले नव्हते. पण ओली पोती अंथरून तिने दहा दिवस घरात कुणाला पाऊल ठेवू दिले नाही. आम्ही सगळे ओटीवर झोपलो, असे ती अजून सांगते.

आता आईचे वय अठ्ठ्याहत्तर. वडील जाऊन बारा वर्षे झाली. कोब्याचे लाल पापुद्रे निघू लागले होते, मोरीजवळ सिमेंटची भुकटी होऊन पायाला लागत होती आणि पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाताना उंबऱ्याच्या थोडी अलीकडे एक तिरकी भेग होती, तिच्यात मुंग्यांनी वसाहत केली होती. पावसाळ्यात आई दोनदा ठेचकाळली. मी ठरवले की आता जमीन गुळगुळीत करून तिच्यावर पक्का लेप द्यायचा. फरशा बसवाव्यात असे शेजाऱ्यांचे मत होते. पण त्याने जमिनीची उंची वाढते, दारे खालून कापावी लागतात, आणि वडिलांचा कोबा कायमचा गाडला जातो. शेवटचे कारण मी कुणाला सांगितले नाही.

मिस्त्री आले ते इपॉक्सीचा नमुना घेऊन. वीतभर लांबीचा तुकडा, आरशासारखा चकचकीत, डाळिंबी रंगाचा. त्यांनी तो जमिनीवर ठेवला. आई स्वयंपाकघरातून आली, थबकली, लुगडे किंचित उचलून बाजूने गेली आणि म्हणाली, “अगं, पाणी सांडलंय इथे.” आम्ही दोघेही हसलो. मिस्त्री म्हणाले, “बघा मॅडम, आजींना पण वाटलं पाणीच आहे. अशी चमक येते.” ही त्यांनी मालाची तारीफ म्हणून सांगितली आणि मीही ती तशीच ऐकली.

लेप देणे हे एका दिवसाचे काम. वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत. आमच्या कोब्यावर चाळीस वर्षांचे मेण होते. दर दिवाळीला लाल मॅन्शन पॉलिश लावून वडील गुडघ्यांवर बसून जमीन घासत, आणि त्या दिवशी घरात पाय ठेवणाऱ्याला बोलणी बसत. ज्या मेणाने जमीन राखली, त्यावर नवा लेप धरत नाही. ते आधी द्रावणाने विरघळवून, साबणाच्या पाण्याने धुऊन काढावे लागले. निघाले की नाही हे पाहायची रीत साधी आहे : पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर मेण शिल्लक आहे. जमिनीने पिऊन टाकले तर ती तयार आहे. तीन वेळा धुतल्यावर थेंब आत जाऊ लागले. जिथे जिथे पाणी मुरले तिथे कोबा पूर्वीसारखा गडद लाल दिसला, आणि ते पाहायला वडील नाहीत याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले.

काही जण या टप्प्यावर आम्ल वापरतात. मिस्त्रींचाही तसा विचार होता. परंतु आम्लाने कोब्याचा पातळ लाल हात खाल्ला जातो, शिवाय त्यातून जो क्षार तयार होतो तो नीट धुतला गेला नाही तर हवेतली ओल ओढून घेत राहतो. घासायच्या यंत्राचेही तेच. जाड दगड लावला असता तर तासाभरात जमीन सपाट झाली असती आणि खालचा करडा रंग वर आला असता. म्हणून बारीक दगडाने, पाणी सोडत, हलक्या हाताने घासायचे ठरले. पाणी सोडायचे ते धुळीसाठीही. सिमेंट-रेतीची ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

त्यानंतर ओलीची परीक्षा. दीड फूट लांबी-रुंदीचे प्लास्टिकचे जाड तुकडे जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून संध्याकाळी लावले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उचलले. पुढच्या खोलीतला कोरडा निघाला. स्वयंपाकघरातल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला दंव पडल्यासारखे थेंब होते, आणि खालचा कोबा काळपट झाला होता. बाहेर फाल्गुनाची ऊन तापलेली दुपार, आणि आमच्या घराखाली पाणी. मिठागरांच्या बाजूची ही जमीन. पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि स्वतःबरोबर क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. भिंतीला लोणा लागतो म्हणतात तो हाच. आई कित्येक वर्षे सकाळी मोरीजवळची पांढरी पूड झाडून काढीत होती आणि मी तिला रांगोळी सांडली समजत होते.

अशा जमिनीवर इपॉक्सी चालत नाही. तो लेप खालची वाफ वर येऊ देत नाही. वाफ कोंडते, फोड येतात, आणि एक दिवस लेपाचा पापुद्राच सुटून येतो. मिस्त्रींनी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहिलेला तुकडा पाच दिवसांत टम्म फुगला. मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला : सगळे उखडायचे, खाली ओलरोधक थर घालायचा, नव्याने काँक्रीट. “एकदाच करा, कटकट नको.” मी जवळजवळ तयार झाले होते. तोवर भेगा तरी भरून घेऊ, म्हणून शनिवारी त्यांनी ती तिरकी भेग रुंद करून, साफ करून, चुन्याच्या रंगाच्या लुकणाने भरली आणि वरून इतकी घासली की बोट फिरवले तरी कळू नये.

रविवारी पहाटे मला जाग आली ती कसलाच आवाज न आल्यामुळे. आई रोज साडेपाचला चहाचे आधण ठेवते. मी बाहेर आले तर ती पुढच्या खोलीत, उंबऱ्यापासून दोन पावलांवर, भिंतीला हात लावून उभी होती. अंधार नव्हता, दिवा तिनेच लावला होता. मी विचारले, “आई, काय झालं?” ती जमिनीकडे पाहत नव्हती. उजव्या पायाने हळूहळू चाचपडत होती. म्हणाली, “इथली चीर कुठे गेली गं?”

त्या आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. मोतीबिंदूत नजर धूसर होते, ती माणसाला कळते. काचबिंदूत नजर कडेकडेने झिजत जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे ती कळत नाही. आई वर्तमानपत्र वाचत होती, दूरदर्शन पाहत होती, तांदळातले खडे काढत होती. फक्त तिला स्वतःचे पाय आणि त्यांच्या आसपासची जमीन दिसत नव्हती. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची. मुलांनीही तपासून घ्यावे, असे डॉक्टर म्हणाले. मी तपासून घेतले. पण मला आठवत राहिले ते दुसरेच. इतकी वर्षे मी तिला विचारीत होते, “चष्म्याचा नंबर बदललाय का?” आणि ती म्हणत होती, “नाही, दिसतं मला.” दोघीही खरेच बोलत होतो.

मग मी तिला विचारून विचारून जमीन समजून घेतली. चीर लागली की दोन पावलांवर उंबरा. पूर्वी जिथे शेगडीपुढे बसून ती स्वयंपाक करी, तिथे कोबा झिजून बशीसारखा खोलगट झाला आहे. तिथे पाय गेला की डाव्या हाताला ओटा. पुरलेले उखळ काढून जिथे करडे सिमेंट भरले, तो खरबरीत गोल लागला की समोर फडताळ. आणि जमीन किंचित उतरू लागली की मोरी आली. मी ज्यांची यादी करून मिस्त्रींना दिली होती ते चार दोष हेच होते. पावसाळ्यात ती ठेचकाळली ती भेगेमुळे नव्हे. मी हलवून ठेवलेल्या लोखंडी पेटीला, दोन्ही वेळा.

आपल्या व्यवसायात हा प्रसंग नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. वि. का. राजवाडे यांना एकनाथपूर्व वाटलेली पोथी त्यांनी १९०९ साली छापली, तेव्हापासून पाठांचा वाद आपण शिकवतो आहोत. अपपाठ कोणता, जुनी रूपे कोणती, लेखनिकाची चूक कोणती आणि बोलीचा वापर कोणता, यावर मी परीक्षेत प्रश्नही काढले आहेत. शुद्ध करणाऱ्याला आधी मळ कोणता ते ठरवावे लागते, आणि ते ठरवताना तो ग्रंथ कोण कसा वाचीत आला आहे हे ठाऊक असावे लागते. एवढे मला माहीत होते. माझ्याच घरात एक वाचक रोज पहाटे पायांनी वाचत आहे, एवढे माहीत नव्हते. एकनाथांशी माझी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. त्यांनी निदान अनेक प्रती जमवून पाहिल्या होत्या. मी जमिनीवर राहणाऱ्या माणसालाही विचारले नव्हते.

उखडायचे रद्द केले. मिस्त्रींना ते पटले नाही. “चीर ठेवायची तर मग खर्च कशाला, मॅडम?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना आईजवळ बसवले. तिने त्यांना पायाने दाखवत घर फिरवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ही चीर म्हणजे पट्टीच आहे. तुमच्या वडिलांनी घातली नाही, म्हणून जमिनीने आपली आपण पाडून घेतली.” आणि मग त्यांनीच तोड काढली. भरलेले लुकण कोरून काढले, भेगेत रबरासारखा लवचीक मसाला भरला, पण जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली. मुंग्या गेल्या, पाणी आत जायचे थांबले, आणि पायाला चीर लागते. उखळाचा गोल तसाच ठेवला. शेगडीपुढची बशी तशीच ठेवली. सुटलेले पापुद्रे तेवढे काढून तिथे लाल सिमेंटचा हात दिला. तो रंग जुन्याशी जुळत नाही. जुळवायचा आग्रहही धरला नाही.

लेप म्हणून जे वापरले त्याला खरे तर लेप म्हणता येत नाही. सिलिकेटचे पाण्यासारखे द्रावण असते. ते कोब्यात मुरते, सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि भुसभुशीत झालेली वरची कड आतून घट्ट करते. त्यावर वाफ अडवणार नाही असे, वरचे पाणी तेवढे झिरपू न देणारे दुसरे द्रावण. दोन्ही लावून झाल्यावर जमिनीवर काहीच चढलेले दिसत नाही. चमक नाही, त्यामुळे आईला कुठे पाणी सांडल्याचा भास होत नाही. नमुन्याच्या त्या तुकड्यापाशी ती का थबकली होती, हे मला तेव्हा कळले आणि आपण हसलो होतो याची लाज वाटली.

सगळे झाल्यावर आईने पहिल्यांदा चालून पाहिले तेव्हा मी मुद्दाम दूर उभी राहिले. तिने खोली ओलांडली, चिरेपाशी पाय किंचित रेंगाळला, उंबरा ओलांडला, गोल लागला, वळली. “लोखंडी पेटी कुठे ठेवलीस?” एवढेच विचारले. पेटी पलंगाखाली, जिथे पन्नास वर्षे होती तिथे.

येणारे-जाणारे विचारतात, काम कधी सुरू करणार? झाले, म्हटले की जमिनीकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या आसपास मनोरे उभे राहत आहेत. आमच्या गल्लीतही पुनर्विकासाच्या बैठका होतात. हे घर किती वर्षे राहील ते मला सांगता येणार नाही. नव्या घरात तिला पायांनी वाचता येईल असे काय असेल, हा प्रश्न मी बैठकीत विचारला तेव्हा सगळे सौजन्याने गप्प बसले.

खालची ओल गेलेली नाही. ती जाणारही नव्हती. पावसाळा संपता संपता मोरीजवळ लोणा पुन्हा दिसू लागला. तो ओल्या फडक्याने पुसायचा नसतो; पाण्यात विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या कुंचल्याने झाडून, सुपलीत भरून बाहेर टाकायचा. हे काम आता सकाळी मी करते. आजी त्याला काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे.